बिसरामचा पाचोळा

बिसराम कुंभरेला वाघ बघायला येणारी माणसं आवडत नाहीत. वाघाचं चित्र असलेला शर्ट घालून वाघ बघायला जाणाऱ्या माणसाला वाघानं तरी काऊन भेटावं, असं तो म्हणतो. त्याला मोटरसायकलवरून जंगल राखणारे नवे वनरक्षक आवडत नाहीत, सागवानाची रोपवाटिका आवडत नाही, गोंदियाहून येऊन 'भाईसाब, इधर का रास्ता' असं विचारणारे आवडत नाहीत. सव्वीस वर्षं रोजंदारीवर एका जंगलाची राखण करणाऱ्या या माणसाला ते जंगलही आवडत नव्हतं.

त्याला जंगल म्हणायचं की नाही, हाच सगळा वाद आहे. सालेकशाच्या अलीकडे साजाटोला नावाचं गाव आहे. गावाच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, संपतात तिथून रेल्वेच्या रुळांपर्यंत पन्नासेक एकरांचा एक तुकडा उरला आहे. तीन बाजूंना धान, चौथ्या बाजूला रूळ. आत पळस, साजा, बोर, थोडी मोहाची झाडं आणि अंग फाडणारी चिल्हाटीची काटेरी जाळी. सरकारी कागदावर त्याचं नाव 'झुडपी जंगल'. गावात त्याला 'बिसरामचा कचरा' म्हणतात.

बिसराम आधी मोठ्या जंगलात कामाला होता. तिथं त्यानं कुणा साहेबाच्या मेहुण्याची लाकडाची गाडी अडवली आणि दुसऱ्या आठवड्यात त्याला इथं पाठवलं. ही शिक्षा होती हे सगळ्यांना कळलं, त्यालाही कळलं. तेव्हापासून त्यानं या तुकड्याची राखण रागानं केली. माणसं जशी नावडत्या सुनेवर पाळत ठेवतात तशी. एक काडी बाहेर जाऊ दिली नाही.

गावातल्या बायका त्याच्या नावानं बोटं मोडतात ती त्यामुळेच. मुन्नीबाई नावाची एक विधवा बाई आहे, तिच्या दोन शेळ्या आहेत. एका पावसाळ्यात शेळ्यांखाली अंथरायला तिनं तुकड्यातून डोक्यावर एक भारा पाला नेला. बिसरामनं तिला बांधीवर गाठलं आणि विचारलं, "पावती हाय का?" पाल्याची पावती कुठेच मिळत नाही. तिनं तसं सांगितलं. त्यानं तिला भारा घेऊन मागं फिरवलं आणि उभं राहून हुकूम सोडला, "जिथून उचललं तिथंच टाक." नुसता टाकू दिला नाही, हातानं पसरायला लावला. ही गोष्ट मुन्नीबाईनं मला पहिल्या भेटीत सांगितली, दुसऱ्या भेटीत सांगितली, आणि तिसऱ्या वेळी मी सांगू लागले तर माझ्या तोंडून काढून घेऊन तिनंच पूर्ण केली.

मी तिथं गेले ते मातीतले जीव मोजायला. जिल्ह्यात शेतांच्या मधे अडकलेले जंगलाचे असे अकरा तुकडे आमच्या प्रकल्पानं निवडले होते. कोणत्या तुकड्यातली जमीन अजून जिवंत आहे हे पाहायचं आणि त्यातले सात तुकडे राखण्यालायक म्हणून कळवायचे. उरलेले चार इतर कामाला मोकळे होणार होते. साजाटोल्याच्या सरपंचांनी, भैय्यालाल पटल्यांनी, ते इतर काम आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांना तिथं धानाचं गोदाम हवं होतं.

काम असं : अर्ध्या मीटरची लाकडी चौकट जमिनीवर ठेवायची, तिच्यातला सगळा पाचोळा आणि खालची बोटभर माती पांढऱ्या कापडावर चाळायची, आणि त्यात जे जे हलतं ते मोजायचं. गोमा, वाणी, भुंगेरे, कोळी, वाळवी, मुंग्या, गांडुळं, आणि भिंगाशिवाय न दिसणारे, टुणकन उडणारे पांढरे कण. हेच जीव पानं कुरतडतात, पचवतात, त्यांची माती करतात. ते गेले की झाडं उभी दिसतात, पण खालची जमीन मेलेली असते. एका तुकड्यात बारा चौकटी. वर्षात दोनदा, पावसाच्या सुरुवातीला आणि शेवटी.

बिसरामला हे काम कळलं. मग त्यानं खर्ऱ्याची पिंक टाकली.

"तू शिकली कितीक?"

मी सांगितलं, एमएस्सी.

"अन् बापानं तुले किडे मोजाले पाठवलं."

माझे वडील बिरसीला धान लावतात. मी काय करते हे त्यांनाही नीट सांगता येत नाही, ते लोकांना 'फॉरेस्टात आहे' एवढंच सांगतात. त्या दिवसापासून मी 'किडेवाली मॅडम' झाले. मॅडम हा शब्द बिसराम ज्या सुरात म्हणतो त्या सुरात इतर लोक 'गाढव' म्हणतात.

तरी तो दर वेळी सोबत आला. झाडाला टेकून उभा राहायचा आणि मी गुडघ्यावर बसून मोजत असताना वरून शेरे मारायचा. एकदा मी म्हटलं की जंगल चांगलं की वाईट हे या जिवांवरून कळतं. तो म्हणाला, "किड्याईवरून जंगल ठरत असन, तं माया खाटेत अभयारन्य हाय." त्याची बायको दुर्पता डबा घेऊन आली होती. तिनं ते ऐकलं आणि म्हणाली की खाट उन्हात टाकायला दहा वर्षांपासून सांगून राहिली आहे.

दोन वर्षांत चार फेऱ्या झाल्या. आकडे लागले तेव्हा मी स्वतः दोनदा तपासले. अकरा तुकड्यांत साजाटोला पहिला होता. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात बिसरामच्या बारा चौकटींत एक हजार एकशे अठरा जीव निघाले. ज्याला लोक चांगलं जंगल म्हणतात, मोठ्या झाडांचं, स्वच्छ, फिरायला बरं वाटेल असं, त्याच्यात याच्या निम्मेही नव्हते. कारण सरळ होतं. इतर तुकड्यांत मोहफुलं वेचायला खालचा पाला जाळतात, गोठ्यासाठी नेतात, गुरं तुडवतात. इथं चिल्हाटीमुळे गुरं शिरत नव्हती आणि बिसराममुळे माणसं. त्यानं रागानं राखलेला पाचोळा सव्वीस वर्षं थरावर थर साचून खाली कुजत होता.

मी त्याला सांगितलं. तो हसला. पण संध्याकाळी टपरीवर तो भैय्यालालांना ऐकू जाईल अशा आवाजात, कुणाशीच न बोलता, "जिल्ह्यात पयला हाय म्हनते," असं म्हणाला, हे मला टपरीवाल्यानंच सांगितलं. पुढच्या वेळी गेले तर त्यानं विचारलं की आमच्या प्रकल्पाचे मोठे डॉक्टर अहवालात काय लिहितील. झुडपी लिहितील का जंगल लिहितील? मी म्हटलं, सातांत आला तर राखीवच राहील. त्यानं पुन्हा तेच विचारलं.

"गोदाम झालं तं सव्वीस वर्सं म्या काय राखलं? काटे?" तो म्हणाला. "जंगल लिवलं पायजे."

भैय्यालालांनी तोवर तक्रार केली होती की हे आकडे बंद खोलीत बनतात. म्हणून आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, नागपूरचे डॉक्टर वझलवार, यांनी कळवलं की शेवटची फेरी ते स्वतः येऊन सगळ्यांसमोर करतील, आणि तीच धरली जाईल. आधीच्या चार फेऱ्या वाद असल्यानं बाजूला. डॉक्टर दोन वर्षांत एकदाही गुडघे टेकून बसले नव्हते. वादाला घाबरून चार फेऱ्यांचं काम एका ओळीच्या पत्रानं फुकट घालवताना मात्र त्यांना काही जड गेलं नाही.

मी बिसरामला फोन केला. म्हटलं, मोठे साहेब येत आहेत, सगळं नीट ठेवा. माझं वाक्य एवढंच होतं आणि ते मूर्खपणाचं होतं. साहेब येणार म्हटल्यावर या देशातला कोणताही सरकारी माणूस काय करतो हे मला माहीत असायला हवं होतं.

पुढच्या ऑक्टोबरातल्या त्या सकाळी आम्ही गाडीतून उतरलो आणि मला आधी वाटलं की रस्ता चुकला. तुकड्यात जाणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही कडांना चुन्यानं रंगवलेले दगड होते. दर्शनी झाडांना कमरेपर्यंत चुना आणि वर गेरूचा पट्टा. आणि खाली जमीन. वाटेलगतची आख्खी जमीन झाडलेली होती. खराट्याच्या कमानी एकात एक उमटल्या होत्या, वर पाण्याचा सडाही मारला होता. आतले, चौकटींसाठी खुंट्या मारलेले, आमचे बाराही ठिपके लग्नघरच्या अंगणासारखे लख्ख होते. प्रत्येक खुंटीला चुना.

बिसराम कोपरापर्यंत पांढरा होऊन उभा होता. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुर्पता जरा मागं, तिच्या दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या. चार दिवस दोघं झाडत होते.

सोबत आलेले वनपाल खूश झाले. त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतले आणि म्हणाले की काम असं पाहिजे, बाकीच्यांनी शिकावं. डॉक्टरांनी स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं, ते स्वच्छच राहणार होते. मग मला म्हणाले, "सुरू करा."

भैय्यालाल होते, पंचायतीचे दोन सदस्य होते, अर्धं गाव होतं. मी पहिली चौकट ठेवली. कापडावर माती चाळली. तीन मुंग्या. दुसऱ्या चौकटीत एक गोम, ती चुन्यातून आली असावी, कारण ती चालत नव्हती. तिसरीत काहीच नाही. लोक वाकून बघत होते. बिसरामही वाकून बघत होता, पहिल्यांदाच. पाचव्या चौकटीनंतर तो ताठ झाला. त्याला कळलं होतं. माझ्याकडे त्यानं पाहिलं आणि मी नजर चाळणीवर ठेवली, कारण तेव्हा मला त्याचा इतका संताप आला होता की मी काहीही बोलले असते.

बारा चौकटी मिळून सत्तेचाळीस.

"आमी तं पयलेच सांगितलं," भैय्यालाल म्हणाले. "आता तं किड्याईनंही जागा सोडली."

लोक हसले. डॉक्टरांनी पंचनाम्याचा कागद भरला. अशा कागदावर जागेच्या चौकीदाराची सही लागते की सर्व समोर झालं. मी बिसरामला हळूच विचारलं की पाचोळा कुठं टाकला. तो म्हणाला, नाल्यात. दुर्पतानं दुसरीकडे तोंड केलं. नाल्यात टाकला असता तर वाटेवर गावाकडे जाणाऱ्या बैलबंडीच्या चाकोऱ्या इतक्या खोल उमटल्या नसत्या.

पाचोळा त्याच्या घरी होता. त्याच्या घरामागच्या खताच्या खड्ड्यात, तीन बंड्या भरून. पुढच्या वर्षीच्या पऱ्ह्यांना, धानाच्या रोपांना, खत होईल म्हणून. एवढा चांगला कुजलेला पाला नाल्यात फेकू दिला नसता दुर्पतानं, आणि त्यानंही मान हलवली असणार. सव्वीस वर्षांत ज्यानं मुन्नीबाईला एक भारा नेऊ दिला नाही, त्यानं साहेबांसाठी झाडलोट करता करता तीन बंड्या घरी नेल्या होत्या. मुन्नीबाई तिथंच उभी होती, पहिल्या रांगेत.

वनपालांनी पेन पुढं केलं. बिसरामनं घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. त्याच्या बोटांचा चुना पेनला लागला.

"सही कर," वनपाल म्हणाले.

"नाई करत."

"काऊन?"

तो डॉक्टरांकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. तो मुन्नीबाईकडे बघून बोलला, जसं काही तिनंच विचारलं होतं. "पाचोळा माया घरी हाय. खड्ड्यात. म्या नेला."

कुणी हसलं नाही, हे मला आजही विशेष वाटतं. मग भैय्यालाल हसले आणि बाकीच्यांना हसायची परवानगी मिळाली.

सगळे त्याच्या घरी गेलो. मी खड्ड्यातला एक घमेलंभर पाला अंगणात कापडावर ओतला. कापड हलू लागलं. वाणी गुंडाळी सोडून चालायला लागल्या, भुंगेरे पालथे पडून पाय झाडू लागले, कोळी चहूकडे पळाले, पांढरे कण टुणटुण उडाले. मागं सरकताना पंचायतीच्या एका सदस्याचा पाय शेणात गेला. बिसराम तिथंच उकिडवा बसला आणि बघत राहिला. दोन वर्षं ज्यांची तो टिंगल करत होता ते हे.

"हे मला मोजता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "हे जंगलातलं नाही, घरामागचं आहे."

"मंग बिसरामचं आंगनच राखीव करा," भैय्यालाल म्हणाले. "बायकोले फॉरेस्ट गार्ड करा."

मी डॉक्टरांना म्हटलं की पंचनाम्यावर सही झालेली नाही, आणि जागा झाडलेली होती हे सगळ्यांनी पाहिलं आहे, फोटोही आहेत. ते घड्याळ बघत होते. जेवण तिरोड्याला, बोदलकशाच्या तलावाकाठी ठरलं होतं. शेवटी त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं की जागा विस्कळीत, फेरी रद्द, पुढच्या जुलैत पुन्हा. पाचोळा होता तिथं परत गेला तर. नाही तर हेच सत्तेचाळीस धरू, असं ते भैय्यालालांना बरं वाटावं म्हणून म्हणाले.

वनपालांनी ते फोटो तिथल्या तिथं मोबाइलमधून काढून टाकले. मग बिसरामला बाजूला घेतलं. कायम नोकरीतल्या माणसाला अशा वेळी नोटीस देतात, तो खुलासा करतो, फाइल फिरते. रोजंदारीवाल्याला नुसतं सांगतात की उद्यापासून येऊ नको. त्याला तसं सांगितलं.

तो दुसऱ्या दिवशी गेला. पहारा द्यायला नाही, पाला टाकायला. नेताना ज्याची बंडी घेतली होती तो भैय्यालालांचा चुलतभाऊ, आता त्याचे बैल आजारी पडले होते. म्हणून बिसरामनं भारे बांधले आणि डोक्यावर घेतले. बांधीवरून, भर दिवसा, गावासमोरून. मी खुंट्या जागेवर आहेत का ते पाहायला तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा तो चालतच होता. धान ओंबीवर आलं होतं, त्यामुळे बांधीच्या अरुंद बांधावरून एका वेळी एकच माणूस जाऊ शकत होता, आणि समोरून मुन्नीबाई आली. मी बघत होते की कोण वाट देतं.

ती उभी राहिली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पावती हाय का, बिसराम?"

तो थांबला. भाऱ्याखालून त्याचा चेहरा दिसत नव्हता. मानेवरून पाण्यासारखा घाम आणि त्यात पानांचा चुरा चिकटलेला.

"नाई," तो म्हणाला.

"मंग?"

"जिथून उचललं तिथंच टाकून राहिलो."

मुन्नीबाई बाजूला झाली नाही. ती वळली आणि त्याच्या पुढं चालायला लागली. तुकड्यात गेल्यावर तिनं त्याला भारा उतरवू दिला, हात लावला नाही. त्यानं पाला पसरला. तिनं पाहिलं आणि म्हणाली की तिथं नाही, बोरीच्या खाली जाड होता, इथं इतका नव्हता. त्यानं उचलून बोरीखाली टाकला. त्यानंतर ती रोज शेळ्या घेऊन बांधीवर बसू लागली आणि तो रोज तिच्या सांगण्याप्रमाणे पाला हलवू लागला. कुठं किती पाला होता हे गावात दोघांनाच माहीत होतं, राखणाऱ्याला आणि चोरणारीला. मदत म्हणून ती हे करत नव्हती. तिला मजा येत होती, तिनं ते लपवलं नाही. नऊ दिवस लागले.

जुलैत डॉक्टर आले नाहीत, त्यांनी सहायकाला पाठवलं. चुन्याचे दगड पावसानं मळले होते, झाडांवरचा गेरू उतरला होता. नवा चौकीदार कुणी नेमलाच नव्हता. तरी मधल्या नऊ महिन्यांत तुकड्यातून पाला गेला नाही, कारण बिसराम दिवसभर बांधीवर बसून असायचा आणि बायकांना माहीत होतं की हा आता बिनपगारी आहे, म्हणजे याला कुणाचीच भीती नाही.

बारा चौकटींत चारशे नव्वद जीव निघाले. अकरा तुकड्यांत सातवा नंबर. आठव्यापेक्षा एकवीस जास्त. भैय्यालाल आता दुसरी जागा बघत आहेत.

अहवाल छापून आला तेव्हा मी एक प्रत घेऊन गेले. बिसराम बांधीवरच होता. सातवा म्हटल्यावर त्याचं तोंड कडू झालं. "पयला होता," तो म्हणाला. पुढं लगेच विचारलं, "नाव काय लिवलं?"

मी पान उघडून वाचून दाखवलं. तिथं साजाटोला नव्हतं, झुडपी नव्हतं, जंगलही नव्हतं. तुकडा क्रमांक नऊ, राखण्यालायक.

त्यानं कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत दिला.

"अकरा तुकड्याईचे किडे मोजले," तो म्हणाला, "अन् एक शब्द लिवता नाई आला. तुमच्या डॉक्टरले सांग, शिक म्हना."

मी निघाले. तुकड्यातून येताना माझ्या बुटांना ओला पाला चिकटला होता. दहा पावलं गेल्यावर त्यानं मागून हाक मारली, त्याच सुरात, मॅडम. मी वळले. त्यानं बोटानं बूट दाखवले.

"झटक," तो म्हणाला. "इथंच झटक."